याडीचा फोन

कुणावर पोलिसांची पाळत आहे, कुणाला उगाच ठाण्यात बसवून ठेवलं, याच्या नोंदी करणं हे आमच्या संघटनेचं काम. पण पाळत आमच्यावरही असते, आणि तिच्या नोंदी कोणी करत नाही. ते सगळं चहाबरोबर तोंडीच साठत जातं. यवतमाळच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात हे किस्से रंगवायचा सुदाम. तो जेलमध्ये गेल्यापासून मीच सांगते. त्याच्यासारखं जमत नाही.

* * *

मीटिंग सुरू झाली की फोनमधून कोणी ऐकू नये म्हणून सगळ्यांचे फोन बाहेर, पिठाच्या रिकाम्या डब्यात! एकदा डबा वाजायचा थांबेना आणि आतून कोणी उठेना. शेवटी शेजारच्या काकू डबा घेऊन दारात. "अवो, तुमचं पीठ कवापासून बोंबलून राह्यलं!"

* * *

साध्या कपड्यातला एक माणूस सतत आमच्या मागे असायचा. कायम चेक्सचा शर्ट. एकदा दारव्ह्याची जीप भरली आणि तो खालीच राहिला. सुदामने जीप थांबवली, स्वतः सरकला. "या साहेब! तुमीच राह्यले मांगं, तं आमी कुठी गेलतो हे सांगन कोन?"

साहेब बसले. अर्धे सुदामच्या मांडीवर.

* * *

घाटंजीकडच्या एका गावात पोलिसांचा त्रास ऐकायला गेलो, तर लोक म्हणाले, "तुमचे चेक्सवाले साहेब सकाळीच येऊन गेले. पोलीस किती तरास देतेत, सारं सांगतलं त्याइले. जेवले बी."

"मंग काय म्हनले साहेब?" सुदामने विचारलं.

"लय वाईट वाटलं त्याइले!"

* * *

मग सुदामलाच नेलं. तांड्यावरच्या घराची झडती झाली. त्याची आई, म्हणजे याडी, बंजारा लोक आईला याडीच म्हणतात, पंचनामा संपेपर्यंत दारात उभी. सही घ्यायला आले तेव्हा म्हणाली, "ठेच्याबिगर त्याच्या पोटात घास नाही जात. हे बी लिवा."

तेवढं लिहिलं नाही त्यांनी.

* * *

आता आठवड्यातून एकदा जेलमधून याडीला फोन येतो, काही मिनिटांचा. त्या दिवशी मीही तांड्यावर जाते. तिकडे स्पीकर सुरू, शेजारी ऐकायला शिपाई. याडी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलली की तो अडवतो, आम्हाला समजेल असं बोला. मराठी तिला येते की! पण म्हणाली, "त्या बोलीत बजार होते. पोरासंगं कायले बोलू?"

तेव्हापासून ती बोलतच नाही. फोन आला की गोठ्यात जाते आणि बैलाच्या गळ्याशी धरते. बैल मान हलवतो, घंटा वाजते. पलीकडे सुदाम ऐकतो. मला त्याला कितीतरी सांगायचं असतं. त्याच्याशिवाय ऑफिसात करमत नाही, हेसुद्धा. पण ती मिनिटं बैलाची.

परवा फोन आला तेव्हा बैल शेतात वखराला गेलेला. याडी रिकाम्या गोठ्यात फोन धरून उभी. वेळ चालला होता.

मग पलीकडून शिपायाचा आवाज आला.

"मावशी, आज बैल कुठी गेला वो?"