खळ्यातलं विलायती गवत

गवत कुणी पेरतं का हो? जयगडच्या खाडीकाठच्या त्या वाडीत बायकांचा जन्म जातो तो भातातलं गवत उपटण्यात. भर पावसात कमरेत वाकायचं, पात्यांनी हात चिरून घ्यायचे आणि उपटलेलं बांधावर फेकायचं. अशा वाडीत राहीच्या नवऱ्यानं विलायतेहून गवताचं बी आणलं. चांगलं पिशवीभर! आणि पेरायचं कुठं, तर दारातल्या खळ्यात.

नवऱ्याचं नाव महिपत. मिसरूड फुटायच्या आत तो आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. दोन-तीन वर्षांतून एकदा महिनाभर उगवायचा. पाहुण्यासारखा यायचा, मासळी-भात जेवायचा, झोपायचा, परत जायचा. मनिऑर्डर यायची, नाही असं नाही. पण कधी वेळेवर, कधी चार महिन्यांनी. मधल्या दिवसांत घर चाललं ते राहीच्या जिवावर, आणि खरं सांगायचं तर राहीच्या कोंबड्यांच्या जिवावर. अंडी दुकानात द्यायची आणि मीठ, राकेल, पोरांच्या पाट्या आणायच्या. शेवटच्या दुखण्यात सासूची अन्नावरची वासना उडाली, तेव्हा तिच्या पोटात गेला तो कोंबडीचा रस्साच. एकेक पिल्लू राहीनं घारीच्या तोंडातून वाचवलेलं. दिवसभर कोंबड्या खळ्यात उकरायच्या आणि राही त्यांच्याशी बोलायची. मुलगे मुंबईला, लेक सावर्ड्याला दिलेली. बोलायला दुसरं होतं कोण?

एकोणीसशे तिसाच्या सुमाराला बोटींवरची माणसं कमी केली आणि महिपत ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. राहीला आनंद झाला, खोटं कशाला बोला! तिनं घावणे केले, नारळाचा रस केला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी हा ओटीवर खुर्ची टाकून बसला आणि खळ्याकडे बोट करून म्हणाला, "इथं लॉन करायचा."

"म्हंजे काय?"

"गवत गो. हिरवंगार, गादीसारखं. विलायतेत मोठ्या साहेबांच्या दारात असतं."

"आनि भात झोडायचं कुठं?"

"गोदूबाईच्या खळ्यात." गोदूबाई म्हणजे शेजारीण.

"माज्या कोंबड्या?"

"त्या बी टिपतील. डांबून ठेव. नायतर विकून टाक."

विकून टाक! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ज्या पिल्लांना यानं कधी कण्या घातल्या नाहीत, त्यांचा निकाल खुर्चीत बसून लावतोय! राहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरधनी इतक्या वर्षांनी घरी आलेला, वाडीचे कान टवकारलेले. तिनं दातांखाली पदर धरला. विकणार मात्र नाही, एवढं तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

नवरात्र सरलं, पाऊस हटला, आणि खळं खणायला घेतलं. खणलं कुणी? राहीनंच. याची कंबर धरली होती ना! सासूनं आणि तिनं वर्षानुवर्षं चोपून, शेणानं सारवून केलेली ती जमीन, आरशासारखी. तिच्यात पिकाव घालताना तिला रडू फुटलं. खाली जांभा लागला तशी शेतातली माती टोपल्यांनी वाहून आणली. ती पण तिनंच. महिपत उंटावरून शेळ्या हाकत होता: इथं उंच झालं, तिथं खड्डा राहिला, बी जरा हलक्या हातानं टाक. पाणी विहिरीतून शेंदायचं, तेही शिंपून घालायचं, ओतायचं नाही म्हणे. बी वाहून जाईल. लेकरांना इतक्या हळुवार आंघोळी घातल्या नव्हत्या तिनं.

आणि कोंबड्या खुराड्यात. पहाटे कोंबडा आरवायचा आणि सगळ्या फळकुटाशी येऊन उभ्या राहायच्या, आता उघडेल, मग उघडेल म्हणून. राही आत कोंडा टाकायची. पण कोंड्यावर कोंबडी जगते होय? तिला उकरायला लागतं, किडा-मुंगी लागते, ऊन लागतं. आधी अंडी बंद झाली. मग एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. दिवाळीच्या तोंडाला तिची कवडी तलंग, पहिल्या अंड्यावर आलेली, मान टाकून पडली. राहीनं ती उचलून नवऱ्यासमोर धरली.

"सागोती कर," तो म्हणाला.

कोंबडी गेली जिवानिशी आणि याला सागोती सुचतेय! राहीनं ती परसात पुरली, आणि त्या दिवशी त्याच्यापुढं नुसती पेज वाढली.

गवत उगवलं, हे कबूल केलं पाहिजे. कोवळं, पोपटी, नजर ठरत नव्हती. वाडीतली माणसं बघायला यायची आणि महिपत कडेनं उभा राहून सांगायचा, "बघा, पण पाय ठेवू नका." वाडीत घरोघर खळी चोपून सारवून तयार झाली. राहीच्या दारात पाय ठेवायला बंदी!

गरवं, उशिरा पिकणारं भात कापायला आलं. राही एकटीच कापत होती. ऊन चढलं, डोक्यावर भारा, मानेची काडी झालेली. गोदूबाईच्या खळ्याकडे जायचं तर घराला वळसा घालावा लागे. त्या दिवशी तिनं वळसा घातला नाही. ती सरळ खळ्यात शिरली, गवतावरून.

"ए, उतर! खाली उतर आधी!" महिपत ओटीवरून ओरडला. एवढ्या मोठ्यानं, की गोदूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली.

राही जागची हलली नाही. "का उतरू?"

"पाय पडतायत तुझे."

"पडूदेत. का उतरू, सांगा!"

महिपतचा चेहरा तांबडालाल झाला. मग एकाएकी त्याचा आवाज बसला. "तिकडं एका बंदरात बाग होती," तो म्हणाला. "असंच गवत. गोरी माणसं लोळत होती, त्यांची कुत्री लोळत होती. माझे पाय आंबले होते म्हणून मी जरा टेकलो. तर शिपाई आला. काठीनं ढोसलं मना. म्हणाला, ऊठ, चालता हो. सगळी बघत होती गो. तेव्हाच ठरवलं, माझ्या दारात माझं गवत असेल."

राहीनं ऐकून घेतलं. क्षणभर तिला त्याचं वाईटही वाटलं. पण राग त्याहून मोठा होता, आणि खरा होता.

"ती बाग त्यांची होती," ती म्हणाली. "तिथं तुमी परके होतात. मी इथं कोण हाय? त्या शिपायाचं तोंड तुमी अजून विसरला नाय, आनि आज तुमीच काठी घेऊन माज्या दारात उभे? माज्या कोंबड्या डांबल्या, माजं खळं खणलं, आनि मनाच सांगता, उतर?"

 

राहीनं भारा तिथंच गवतावर टाकला. खुराड्याशी गेली आणि फळकूट ओढून काढलं. कोंबड्या आधी बिचकल्या. मग कोंबडा बाहेर आला, त्याच्यामागून बाकीच्या आल्या, आणि बघता बघता पोपटी गवताची माती उडायला लागली. महिपतनं हुसकायला हात उचलला. तो तसाच खाली घेतला. मग डोक्याला पंचा गुंडाळला आणि उरलेले भारे आणायला शेताच्या वाटेला लागला. घराला वळसा घालून, गवताच्या कडेकडेनं.

"अवो," राही मागून ओरडली, "येताना खळ्यातनंच या!"