काळ्या झाकणावरच्या गप्पा

आजोबांचा जन्म गेला पत्र्याच्या पेट्या ठोकण्यात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. ठोकाठोकीत पेट्या घडल्या, कान मात्र कामातून गेले. कानात मशीन असलं तर ठीक, नाहीतर शेजारी भांडण पेटलं तरी हे शांत.

त्यांची नात दुसरीत. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण लिहायला बसवलं की बोटं दुखायची, मग पोट, मग आणखी काहीतरी. तिची आई, म्हणजे आजोबांची लेक, म्हणायची, शिकवणं शाळेचं काम. शाळेतल्या बाई म्हणायच्या, घरी कुणी जरा बघायला नको का? पोरीचे बाबा म्हणायचे, मोठी झाली की येईल. या टोलवाटोलवीत आजोबांना कुणी विचारलंच नाही.

एकदा मशीन पाण्याच्या बादलीत पडलं आणि दुरुस्तीला गेलं. नात शाळेतून आली ती बातमी घेऊनच. ओरडून ओरडून तिचा घसा बसला, आजोबा आपले ‘अं?’ करत राहिले. शेवटी त्यांनी पेटीचं काळं रंगवलेलं झाकण पुढे सरकवलं आणि तिच्या हातात खडू दिला. बातमी पोटात राहीना. तिने लिहिलं, ‘बाई पडल्या’.

दुसऱ्या दिवशी आजोबा काळजीने शाळेत हजर. बाई ठणठणीत होत्या. त्या शर्यतीत पळाल्या होत्या, पहिल्याही आल्या होत्या. हा खुलासा त्यांनी फळ्यावर लिहून केला, खूप हसल्या, आणि खाली अजून एक ओळ लिहिली, ‘मशीन जरा उशिरा आलं तर चालेल का?’

मशीन लवकरच आलं. आजोबांनी ते कानात घातलं आणि वरून लोकरी कानटोपी ओढली. नातीला सांगितलं, दुरुस्त व्हायला वेळ लागतोय. लेकीला खरं सांगितल्यावर ती कुरकुरली, कारण सोंग वठवायचं तर तिलाही लिहूनच बोलावं लागणार होतं. तिने ‘पाणि’ लिहिलं तेव्हा नातीनेच दुसरी वेलांटी काढून दिली. बाबाही कामावरून आले की भाजी काय आणली ते खडूने कळवू लागले. शाळेत बाई नातीला झाकणावरच्या बातम्या वहीत उतरवून आणायला आणि वाचून दाखवायला लावायच्या. घरात खडूची पूड, आजोबांच्या मानेवर घामाच्या धारा, आणि पोरीच्या लिहिण्यात मात्र रोज एखादा शब्द जास्त.

एका दुपारी टोपी शिट्टी वाजवायला लागली. आत दाबलेलं मशीन कुरकुरत होतं. नातीने टोपीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि न बोलता लिहिलं, ‘टोपी काढा. घाम आला आहे.’

आजोबांनी टोपी काढली. "सापडलो," ते म्हणाले. "आता बोल तोंडाने."

तिने नकारार्थी मान हलवली. आई पलीकडेच इस्त्री करत होती. तिच्याकडे पाठ करून पोरीने झाकणावर चांगल्या चार ओळी लिहिल्या. आजोबांनी त्या सावकाश वाचल्या आणि बाहीने पुसून टाकल्या.

"काय लिहिलं होतं, बाबा?" लेकीने इस्त्री थांबवून विचारलं.

"शुद्धलेखन सुधारलंय," आजोबा म्हणाले आणि हातोडी उचलली.