पाळण्यावरून दिसलेलं माहेर

परदेशात लेकीनं मला तिथल्या खेळांच्या बागेत नेलं. आकाशपाळणा वर जाऊन थांबला आणि मला लहानपणीची चांद्याची जत्रा आठवली.

तिथला पाळणा लाकडी, हातानं फिरवायचा. आसाला चोपडलेल्या मोहाच्या तेलाचा वास यायचा. माय वहाणा काढून आधी पाळण्याच्या पाया पडली. मग फिरवणाऱ्याला म्हणाली, "भाऊ, वर जराशीक थांबव नं. माह्यं माहेर दिसते का पाह्यतो."

माहेर वैनगंगेपार. लग्नानंतर तिला कोणी तिकडे पाठवलंच नव्हतं.

वरून नुसतं जंगल दिसत होतं. तरी ती हसली. "दिसलं वं पोरी! माही माय अंगणात बसून हाये."

मला तेव्हा ते खोटं वाटलं होतं.

"आई, काय बघतेस?" लेकीनं विचारलं.

समोर, परक्या छपरांपलीकडे, अंगणात माय बसली होती.