सुचिताचं कॉलेज

अमडापूरची सुचिता लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गायची. बारावीनंतर तिला आजची, माईकवरची गाणी शिकायची होती. वडील भागवतराव तिला पुण्याची दोन कॉलेजं दाखवायला घेऊन गेले.

मोठ्या कॉलेजातल्या सरांनी तिचं गाणं ऐकलं. "आवाज छान आहे. पण शास्त्रीय शिकायचं तर ही ढब मोडावी लागेल," ते म्हणाले.

दुसरं कॉलेज एका बँकेच्या वर होतं. तिथल्या मॅडमनी विचारलं, "स्वतः केलेलं काही गातेस?" सुचितानं चिखलीच्या एसटीवर केलेलं वऱ्हाडी गाणं म्हटलं. मॅडम खळखळून हसल्या आणि कीबोर्डपाशी बसल्या. "पुन्हा गा. माईक थोडा लांब धर."

बाहेर आल्यावर भागवतरावांनी विचारलं, "मंग, कोणतं घ्याचं?"

"जिथं मले पुन्हा गायाले लावलं, ते."

"हाव, मलेबी तेच वाटलं," म्हणत ते होस्टेल शोधायला निघाले.