गरम बॉनेट

आम्हाला गाडी हौसेसाठी नको होती. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला दमा होता. आम्ही राहायचो त्या जगतपुऱ्यात तेव्हा भराभर नवे फ्लॅट उठत होते, त्यामुळे धूळ भरपूर, आणि अंधार पडला की ऑटो मिळणं मुश्कील. दिवाळीनंतर तिला मोठा अटॅक आला तेव्हा आम्ही तिला स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून नेलं. थंड वारा तोंडावर, आणि माझ्या पुढ्यात तिचा श्वास तुटतोय. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "ऐसे बच्चे को कोई स्कूटर पे लाता है क्या?" मी काय बोलणार, कपाळ माझं! त्या दिवसापासून मला एकच हवं होतं : काचा वर होणारी आणि चावी फिरवली की सुरू होणारी गाडी. नवी परवडणार नव्हती. जुनी चालेल, रंग उडालेला चालेल, पण सुरू झाली पाहिजे.

आमचे हे बँकेत. परक्याची गाडी बघताना मोठे चौकस व्हायचे. टायर बघ, खाली वाकून तेल गळतंय का बघ, मालकाला उलटसुलट प्रश्न विचार. पण महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांची पुण्याला बदली झाली आणि त्यांनी गाडी विकायला काढली म्हटल्यावर सगळा चौकसपणा गळून पडला. "आपली माणसं आहेत गं. ती कशाला फसवतील?" बाकीच्या गाड्या बघणंच त्यांनी बंद केलं. परमुलखात मराठी बोलणारा भेटला की आमच्या ह्यांना तो सख्खा भाऊच वाटायचा.

काकांनी गाडी दुपारी दाखवली. छान पांढरी, सीटवर काकूंनी विणलेली कव्हरं. पटकन सुरू झाली. मी म्हटलं, "सकाळी एकदा बघू या. रात्रभर थंड पडलेली असताना." माझे वडील जन्मभर ट्रक चालवायचे. तापलेलं इंजिन कुणाचंही ऐकतं, खोड कळते ती थंड इंजिनाची, हे त्यांच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. काका मात्र हसून म्हणाले, "या की वहिनी, रविवारी सकाळी सातला या."

त्याआधी शनिवारी टिळकनगरला काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वीसेक बायका. काकूंनी मला जवळ घेऊन विचारलं, "लेकीचा खोकला कसा आहे गं?" मी सगळं सांगितलं. स्कूटर, वारा, डॉक्टरांचं ओरडणं, सगळं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्यांसमोर माझ्या हातात वाण देत म्हणाल्या, "आमची गाडी हिच्याकडेच जाणार बरं का. आपल्यातच राहील." बायकांनी अय्या, छान, म्हणून माझं अभिनंदनच करून टाकलं! तिळगूळ हातात असताना तोंड कसं वाकडं करणार? मी हसले. आतून नुसता जळफळाट होत होता, कारण आता नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

रविवारी मुलीला शेजारी सोपवून आम्ही निघालो. धुकं इतकं की समोरचा ट्रक दिसेना. पोचलो तर काका स्वेटर घालून फाटकाशीच उभे. गाडीवरचं कव्हर आधीच काढून घडी करून ठेवलेलं. ह्यांनी चावी हातात घेतली. मी सहज गेल्यासारखी पुढे गेले आणि बॉनेटवर हात ठेवला.

गरम होतं. हाताला चांगलं जाणवेल इतकं.

"अहो," मी म्हटलं, "इकडे या. हात लावा." ह्यांनी हात ठेवला, आणि तसाच ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता हे नेहमीसारखं हसून वेळ मारून नेणार.

"काका, गाडी बाहेर काढली होती का सकाळी?" ह्यांनी विचारलं.

"छे, छे. नुसती जरा चालू करून ठेवली. थंडीत पहिल्यांदा थोडा वेळ घेते, बाकी काही नाही. एकदा सुरू झाली की लोण्यासारखी चालते."

"वेळच तर नसतो आमच्याकडे," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण लग्नानंतर इतक्या वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता.

काकू दारात आल्या होत्या, हातात चहाचा ट्रे. मला राहवलं नाही. "काकू, तुम्हाला तर माहीत होतं ना, आम्हाला गाडी कशासाठी हवीय ते? काल माझ्यासमोर रडलात की तुम्ही!" त्या ट्रे घेऊन आत गेल्या. काका मात्र तापले. म्हणाले, मंडळात तोंड दाखवायचंय ना तुम्हाला? ह्यांनी चावी बॉनेटवर ठेवली आणि स्कूटरला किक मारली.

येताना राग ओसरला तसं माझ्या लक्षात आलं. हातातली एकुलती एक गाडी सोडून आलो होतो. अख्खी थंडी पुढे पडली होती, आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत होळी उजाडली, पण ते तेव्हा कुठे ठाऊक होतं? आज, उद्या, कधीही तिचा श्वास अडकला तर आमच्याकडे हीच स्कूटर. "चुकलं का गं आपलं?" ह्यांनी मान न वळवता विचारलं.

मुलगी शेजाऱ्यांच्या गॅलरीत वाट बघत उभी होती. आम्हाला बघून धावत खाली आली, आमच्या मागे रस्त्यावर बघितलं, मग आमच्या चेहऱ्यांकडे.

"नाही मिळाली?" तिने विचारलं. मग ह्यांचा हात धरून म्हणाली, "कोई बात नहीं, पप्पा. मतलब, आता मी आजारीच नाही पडणार."

हे तिथेच, स्कूटरच्या शेजारी, खाली बसले आणि तिला कुशीत घेऊन लहान मुलासारखे रडायला लागले.