साक्षगंधाला चोरीच्या गाडीतून

मी आयुष्यात एकदाच गाडी चोरली, आणि तेव्हा मागच्या सीटवर माझे आईवडील बसले होते.

तसं पाहिलं तर चोरी करायचं काही कारण नव्हतं. आमची स्वतःची गाडी होती! आठशे सीसीची, पांढरी, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. बाबा तिला ‘डब्बी’ म्हणायचे. या डब्बीनं आमच्यासाठी काय नाही केलं? तिच्यातून कूलर आला, संत्र्यांच्या पेट्या आल्या, एकदा तर पेंचला जाताना आम्ही सात जण आणि शिजलेल्या पुलावाचा एक गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, असे आठ जण गेलो. (गंजाला खिडकीजवळची जागा मिळाली होती.) उड्डाणपूल आला की एसी बंद करायचा, हा आमच्या घरचा शिष्टाचार होता. नंतर एसीनं आपणहून बंद राहायला सुरुवात केली. बटण दाबलं की आवाज यायचा, हवा नाही. डावीकडे वळलं की हॉर्न वाजायचा. डॅशबोर्डचा कप्पा बुक्की मारल्याशिवाय उघडायचा नाही. आणि दाराचं कुलूप? ते चमच्यानंसुद्धा उघडायचं, आणि गाडी कुठल्याही किल्लीनं सुरू व्हायची! किल्लीला तर आमच्या आजोबांपेक्षा कमी दात उरले होते. पण गाडी आमची लाडकी होती, आणि तिला कुणी नावं ठेवलेली मला खपत नसत.

तर, माझा धाकटा भाऊ पंकज याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पंकजचं वय तेहेतीस. याआधी तीन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती, त्यामुळे घरात सगळे दबक्या पावलांनी चालत होते. मुलगी कामठीची, नाव प्रज्ञा, पारशिवनीच्या शाळेत शिक्षिका. मुलीला पंकज पसंत, पंकजला मुलगी पसंत, फक्त मुलीचे मामा अडून बसले होते. मोठ्या मिनतवारीनं त्यांनी होकार दिला, तोही अशा शब्दांत: ‘‘पोरगा चांगला हाये. पण घरचे लोकं जिम्मेदार पाह्यजे. मी साक्षगंधाच्या दिवशी पाह्यतो.’’

म्हणजे त्या दिवशी परीक्षा पंकजची नव्हतीच. माझी होती!

मी जिम्मेदारी आदल्या रविवारपासूनच घेतली. ‘‘गाडी सर्व्हिसिंगला नेऊन राहिलो’’ असं घरी सांगून निघालो आणि मित्राकडे चार तास कॅरम खेळलो. येताना चौकात गाडीवर पाण्याचा पाइप मारून घेतला. गाडी चकचकीत दिसली, घरचे खूश झाले, कुणाचं काही बिघडलं नाही.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. मे महिना, सकाळी दहालाच डांबर वितळायला लागलं होतं. बाकीचे पाहुणे बसनं पुढे गेले आणि आम्ही पाच जण डब्बीतून निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी पंकज, मागे आई, बाबा आणि माझी बायको संगीता. वाटेत गांधीबागेच्या बाजारातून मुलीची साडी घ्यायची होती, फॉल-पिको करून ठेवलेली. दुकान मामांनीच सुचवलं होतं. ‘‘माह्यं नाव सांगा, मी तिथलाच गिऱ्हाईक हाये!’’

उतरताना आई म्हणाली, ‘‘अंगठी गाडीतच राहू दे गा. बजारात खिसेकापू असते.’’

‘‘अन् गाडी चोरली कोणी तं?’’ पंकज घाबरून म्हणाला.

‘‘हे गाडी?’’ बाबा म्हणाले. सगळे हसले. मी अंगठीची डबी कप्प्यात टाकली, बुक्की मारून कप्पा बंद केला आणि आम्ही दुकानात शिरलो.

पंधरा मिनिटांत साडी घेऊन बाहेर आलो. दुकानासमोर पांढरी गाडी उभी होती. किल्ली घातली, फिरवली, दार उघडलं. आत बसलो, किल्ली पुन्हा फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पहिल्याच! आमच्या गाडीनं इतकं मनावर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सवयीनं एसीचं बटण दाबलं, आणि आतून गार वारा आला!

‘‘अगं माय!’’ आई ओरडली. ‘‘थंडी हवा येऊन राहिली वं, संगीता!’’

‘‘एसी सुधरला का हो?’’ संगीतानं विचारलं.

मी काय सांगणार? ‘‘सर्व्हिसिंग केली ना रविवारी,’’ मी म्हणालो.

(आमचं घर बुद्धिवादी. नवस, अंगारे, चमत्कार असलं काही आम्ही मानत नाही. पण त्या क्षणी मी मनातल्या मनात पाण्याच्या पाइपाला हात जोडले.)

चौकात डावीकडे वळलो. हॉर्न वाजला नाही! बाबांनी मागून माझा खांदा थोपटला. ‘‘वा रे पठ्ठे! हॉर्नही ठीक केला!’’

‘‘चार तास बसलो होतो तिथं,’’ मी म्हणालो.

‘‘सीट कव्हरंही नवे टाकले?’’ आईनं विचारलं.

सीट कव्हरं निळी होती. आमची तपकिरी होती. मला वाटलं, संगीतानं गुपचूप बदलली. संगीताला वाटलं, मी बदलली. आम्ही आरशात एकमेकांकडे पाहून इतकं गोड हसलो की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही तसं कधी हसलो नव्हतो. पंकज तर भारावून म्हणाला, ‘‘दादा, माह्यासाठी एवढं केलं तुनं!’’ माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. उड्डाणपुलावर मी एसी चालू ठेवला आणि आमच्या घराण्यात प्रथमच गारव्यात पूल ओलांडला गेला!

कामठीत मुलीच्या दारी मांडव होता. आमची गाडी गल्लीत शिरताच आतून हाकाटी झाली, ‘‘मामाजी आले! मामाजी आले!’’ दोन बायका सरबताचे ग्लास घेऊन धावत आल्या. एकीनं दार उघडलं. आतून मी उतरलो.

‘‘जयभीम,’’ मी म्हणालो.

‘‘जयभीम,’’ ती म्हणाली, आणि माझ्या मागे वाकून मामांना शोधायला लागली.

तेवढ्यात प्रज्ञा स्वतःच बाहेर आली. साक्षगंधाची मुलगी अशी बाहेर येत नाही, पण तिचा नाइलाज होता. ‘‘भाऊजी, हे तं मामाची गाडी हाये,’’ ती म्हणाली. ‘‘मी पारशिवनीले हेच घेऊन जातो ना. हा ओरखडा माह्याच हातचा हाये.’’

‘‘नाही हो, आमचीच हाये,’’ मी ठामपणे म्हणालो. ‘‘सर्व्हिसिंग केली ना, म्हणून वेगळी दिसते.’’

खात्री पटवायला मी कप्प्यावर बुक्की उगारली. कप्पा बुक्कीआधीच, नुसतं बोट लागून उघडला. आत अंगठी नव्हती! आत होती एक चष्म्याची डबी, बडीशेपेची पुडी आणि चार्जिंगला लावलेला एक फोन.

पंकज मटकन मांडवाच्या बल्लीला टेकला. आई म्हणाली, ‘‘अंगठी कुठं हाये रे?’’ आणि नेमकं तेव्हाच मुलीच्या वडिलांनी घाबरून मामांना फोन लावला. फोन आम्ही आणलेल्या गाडीत वाजला.

सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. गाडी मामांची. फोन मामांचा. मामांचा पत्ता नाही. आणि किल्ली माझ्या हातात! ‘‘मामाजी कुठं हाये?’’ मुलीच्या वडिलांनी अगदी हळू आवाजात विचारलं. जिम्मेदार घराण्याचा थोरला मुलगा म्हणून मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मामांसाठी आणलेलं सरबत पिऊन टाकलं. मला फक्त एवढंच कळत होतं की माझ्या भावाचं चौथं लग्न मोडतंय, आणि ते मी मोडतोय.

इतक्यात गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला. एका गाडीनं डावीकडे वळण घेतलं आणि वळण पुरं होईपर्यंत पींऽऽ असा आवाज येत राहिला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आमची डब्बी! आणि डब्बीत घामानं निथळणारे, शर्ट अंगाला चिकटलेले, टोपीनं वारा घेणारे मामा!

ते उतरले ते ओरडतच. ‘‘अरे, काय झालं बाप्पा माह्या गाडीले! सकाळी चांगली होती! नवरदेवाचा सूटपीस घ्याले गांधीबागेच्या दुकानात वरच्या मजल्यावर अर्धा घंटा गेलो, बाहेर येतो तं गाडी एकदम बुढी! एसी गेला, हॉर्न कोकलून राहिला, फोनही गायब! उन्हानं असं होते का गा?’’

मामांची नजर निळ्या सीट कव्हरांवर गेली, मग माझ्या हातातल्या किल्लीवर. तेवढ्यात संगीताचा आवाज आला, आणि तो मामांसाठी नव्हता.

‘‘अहो, मंग रविवारी चार तास तुमी कुठं होते?’’

त्या प्रश्नाचं उत्तर मी आजही हप्त्याहप्त्यानं देतो आहे. पण तेव्हा मामा माझ्यापुढे उभे होते. ‘‘गाडी तुमी चालवत होते?’’

‘‘हौ.’’

‘‘गांधीबागेपासून कामठीपर्यंत?’’

‘‘हौ.’’

‘‘अन् तुमाले समजलं नाही? आपली गाडी कोणती, लोकाची कोणती? अशा घरात मी पोरगी देऊ?’’

पंकजनं डोळे मिटले. तेव्हा प्रज्ञा पुढे झाली. ‘‘मामा, तुमाले तरी कुठं समजलं? तुमीही त्यायची गाडी घेऊन इथपर्यंत आलेच ना! काहून ओरडता मंग?’’

मामा थबकले. एकदा त्यांनी डब्बीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गाडीकडे, आणि मग पोट धरून हसायला लागले. सगळा मांडव हसायला लागला. मला इतका आनंद झाला की मी मामांना घट्ट मिठी मारली आणि माझाही शर्ट भिजवून घेतला. डब्बीच्या कप्प्यावर बुक्की मारली. अंगठी होती! त्रिशरण-पंचशील झालं, पंकजनं अंगठी घातली आणि आई पदरात तोंड लपवून रडली.

जेवताना मामांनी माझ्या पानात आग्रहानं बुंदी वाढली आणि सगळ्यांदेखत अट घातली, ‘‘लग्न पक्कं. पण बिदाईच्या दिवशी गाडीची किल्ली या भाऊच्या हाती देऊ नका. मागं कोण बसलं हाये हे न पाह्यता निघन, अन् कोणाची तरी नवरी घरी घेऊन जाईन!’’

मला खरं तर राग यायला हवा होता. पण लग्नासाठी घेतलेल्या लॉनच्या रांगेत त्या दिवशी चार लग्नं होती, आणि बाहेर फुलांनी झाकलेल्या चार पांढऱ्या गाड्या. मी मुकाट्यानं किल्ली मामांच्या हातात ठेवली. मामांनी चारही गाड्या बराच वेळ न्याहाळल्या, घसा खाकरला आणि किल्ली नवरीकडे दिली. प्रज्ञानं शालू आवरला, बरोबर आमच्याच गाडीचं दार उघडलं आणि स्वतः चालवत सासरी आली. मी मागे होतो. आई आणि संगीताच्या मधे, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन, आणि घर येईपर्यंत माझ्यावर फक्त डब्याचीच जिम्मेदारी होती.