पिशोरची हाक

वाळूज मागे पडलं तेव्हा बसच्या खिडकीतून आधी उंच क्रेन दिसल्या आणि त्यांच्याखाली रांगेने उभे पाण्याचे टँकर. संभाजीनगरला मी अधूनमधून येतो आणि दर वेळी शहर आठवणीपेक्षा थोडं अलीकडेच सुरू होतं. या खेपेला मी नुकताच इंटरनेटवर टाकलेला माझा अल्बम ऐकवायला आलो होतो.

पुण्यात मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. मागच्या दुष्काळात कन्नड तालुक्यातल्या पिशोरकडे भटकताना मी बरेच आवाज टिपले होते. थापल्या जाणाऱ्या भाकरीचा, हातपंपाचा, आणि कोरड्या नदीपात्रातून मेंढरांना पाण्याकडे बोलावणाऱ्या रखमाजीमामांच्या हाकेचा. ते तुकडे कापले, संथ केले, त्यांच्याखाली संगणकावरचे मंद सूर घातले. मामांची हाक असलेला भाग माझा सर्वांत लाडका.

औरंगपुऱ्याच्या गर्दीत रिक्षा पुढे सरकेना, म्हणून उतरून चालतच श्रीपादकडे पोचलो. हा माझा जुना मित्र. त्याच्या दुकानावरच्या खोलीत दहा-बारा जण जमले होते. पंखा बंद करून सगळे ऐकत बसले. बँकेतल्या एक बाई डोळे मिटून होत्या. "दिवसभराचा शीण गेला हो," त्या म्हणाल्या. एका इंजिनियरला अल्बम काम करताना लावायला हवा होता. शेजारच्या टायरवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भोत सुकून है भाई." त्या रात्री मी हवेत होतो. मामांना हे सगळं सांगायचं, असं ठरवून झोपलो.

सकाळी कन्नडला बस बदलून पिशोर गाठलं. उतरल्यावर लक्षात आलं की स्पीकर श्रीपादकडेच राहिला. म्हटलं, मोबाइलवर ऐकवू.

गावाबाहेर मामांचं घर सापडलं, पण मेंढरांचा वाडा रिकामा होता. काटेरी कुंपण एका बाजूने मोडलं होतं. सारजामावशी, मामांची बायको, बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं.

"मालक न्हाईत इथं. संभाजीनगरात ऱ्हातेत. बिल्डिंगीच्या गेटावर."

"आणि मेंढरं?"

"चारा नाय, पाणी नाय. काय करावं? इकली." त्या आत वळल्या. "बसा. जेवून जावा."

भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घालून केलेली झणझणीत आमटी. जेवण झाल्यावर मी मोबाइल काढला. त्याच्या बारक्या आवाजात माझे खालचे सूर उमटलेच नाहीत. उरली फक्त हाक. हुर्रर्र, ये-ये-ये. थोडी शांतता. पुन्हा हुर्रर्र, ये-ये-ये.

मावशींचा हात ताटावरच थांबला.

"बंद करा, भाऊ."

मी बंद केलं. त्यांनी रिकाम्या वाड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यायला नका ऐकवू हे. मेंढरं टेंपोत घातली त्या दिशी लई वरडले. तवापासून तोंडातून हाक नाय निगाली."

मी शब्द दिला.

तरीही संध्याकाळी शहरात परतल्यावर मामांना भेटायला गेलोच. पत्ता मावशींनी दिला होता. बीड बायपासच्या पुढे नव्या इमारतींची रांग आहे. एका फाटकाशी ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. निळा गणवेश अंगाला सैल होत होता. मला पाहून उठले, शेजारची खुर्ची ओढून दिली.

"घरून फोन आलता," ते म्हणाले. "जेवून गेला म्हणली. बोलता बोलता तिच्या तोंडून निगालं, माझ्या आवाजाचं गाणं केलंय म्हनं तुमी?"

"हो, मामा."

"ऐकवा की."

मोबाइल खिशात होता. "सोबत आणलं नाही," मी म्हणालो.

"बरं." ते जरा हिरमुसले. एका गाडीसाठी फाटक उघडून परत आले. "मंग सांगा तरी. कसं केलंय?"

मी सांगू लागलो. आधी वारा ऐकू येतो, मग तुमची हाक, मग हळूहळू सूर. लोकांना फार आवडलं, मन शांत होतं म्हणाले. मामा मान हलवत होते, खूश होते.

"आन् मेंढरं?"

"ती नाहीत त्यात. त्यांचा गलबला फार होता. काढून टाकला."

मामा थांबले. रागावले नाहीत. विचारात पडल्यासारखे म्हणाले, "मंग हाक कुणाला मारतोय मी?"

 तेवढ्यात आणखी एक गाडी आली आणि ते उठले.

पुण्याला परतताना मोबाइलवर अनोळखी लोकांचे निरोप येत होते. लेकराला झोप लागते, कुणी लिहिलं होतं. घरी पोचल्यावर मी मूळ ध्वनिमुद्रण शोधून लावलं. हाक संपते. क्षणभर वारा. मग दुरून एक मेंढरू ओरडतं, त्यामागे दुसरं, मग सगळा कळप घंटांसकट दगडगोट्यांवरून उतरत येतो, आणि मामा हसून कुणाला तरी 'आली गं माय' म्हणतात. हे सगळं मी अडचण म्हणून कापलं होतं. अल्बम आता लोकांनी आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतला आहे, त्यात काही परत घालता येत नाही.

हे ध्वनिमुद्रण मामांचं आहे, त्यांना पाठवायला हवं. मावशींना दिलेला शब्दही आठवतो. अजून पाठवलेलं नाही.